थोरल्याला विचारू नको

हॉस्पिटलात तिला सगळे मेलबाई म्हणत. कुणाची मेल आली नाही, कुणाची गेली नाही किंवा जायला नको होती तीच नेमकी गेली, की फोन तिला यायचा. घरात ती धाकटी, कारण सून म्हणून आली तेव्हा थोरली जाऊ आधीच घरात होती. आणि घरी काय, कामावर काय, तिच्या डोक्यावर माणूस एकच होता: तिचे मोठे दीर. घरी ते भाऊजी, हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागाचे साहेब. तिला कामाला लावलं त्यांनी, शिकवलं त्यांनी. दिराच्या हाताखाली भावजय म्हटल्यावर लोक सुरुवातीला कुजबुजले, मग कंटाळून गप्प बसले.

त्या रविवारी नवा मेल सर्व्हर बसवायचा होता. जुना अगदी मेटाकुटीला आला होता. त्याची डिस्क मधूनच दात खाल्ल्यासारखी वाजायची आणि ती वाजली की मेलबाई हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघायची. रविवारी ओपीडी बंद, डॉक्टर कमी, तक्रारी कमी. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुखांनी, परवानगी देताना एवढंच म्हटलं होतं, "सोमवारी सकाळी मला मेल दिसली पाहिजे. कशी, ते तुमचं तुम्ही बघा."

आता मेल सर्व्हर बसवणं म्हणजे नुसती पेटी आणून भिंतीशी ठेवणं नव्हे. हॉस्पिटलातला कोण माणूस कोण आहे, त्याचा पासवर्ड काय, त्याला कुठवर मुभा आहे, ही सगळी ओळख सांभाळणारे वेगळे कॉम्प्युटर असतात. त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. इथं ते तीन होते आणि भाऊजींनी त्यांना नावं ठेवली होती थोरला, मधला आणि धाकटा. थोरला आणि मधला मुख्य इमारतीच्या सर्व्हर रूममध्ये, धाकटा पुलापलीकडच्या जुन्या इमारतीत, लॅबशेजारी. तिघांकडे माहिती एकच असायची. एकाकडे काही बदललं की त्यानं बाकीच्या दोघांना कळवायचं, असा त्यांचा शिरस्ता. नवा मेल सर्व्हर बसताना पावलोपावली यांच्यापैकी कुणाला तरी विचारत बसतो. आपण काही सांगितलं नाही, तर जो आधी 'ओ' देईल त्याला. पण हुकूम देताना शेवटी एका कंट्रोलरचं नाव लिहिलं, की मग तो दुसऱ्या कुणाच्या दारात जात नाही.

नाव लिहायचं हे तर ठरलंच होतं. कुणाचं, एवढाच प्रश्न होता.

शनिवारी तिनं पूर्वतयारी केली होती. मेलसाठी लागणारे नवे रकाने ओळखीच्या माहितीत आखून घ्यायचे असतात आणि तो अधिकार तिघांपैकी एकालाच असतो. इथं तो मधल्याला होता. रकाने आखून झाले, मधल्यानं ते नीट घेतले. आता मधल्याचंच नाव लिहून पुढं जावं, असं तिच्या मनात होतं.

सकाळी भाऊजी सर्व्हर रूममध्ये आले ते स्वेटर उलटा घालून. तिथं गारठा असतो म्हणून ते नेहमी स्वेटर आणत. शिवण बाहेर दिसत होती. तारवाला, म्हणजे केबल आणि नेटवर्क बघणारा माणूस, तोंडावर हात धरून हसला. मेलबाईनं त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं.

"कुणाकडे पाठवते आहेस सेटअपला?" भाऊजींनी विचारलं.

"मधल्याकडे, भाऊजी."

"मधल्याकडे? अगं, मधला काढायचाय ना आपल्याला. थोरल्याचं नाव लिही. सगळं थोरल्यावर आहे."

ती गोंधळली. मधला काढायचं बोलणं झालं होतं खरं, पण ते जुन्या मधल्याचं. तो कधीच भंगारात गेला होता आणि त्याच्या जागी त्याच नावाचा नवा आला होता. भाऊजींनीच तो आणला, त्यांनीच बसवला.

"तिघांचं आपसात बोलणं नीट चाललंय का, एवढं बघून घेते आधी," ती म्हणाली.

"मी काल बघितलं. तिघंही ठणठणीत आहेत. धाकटे, एवढं घाबरून काम होत नसतं. लिही थोरल्याचं नाव."

त्यांचा आवाज इतका नेहमीचा होता, इतका खात्रीचा, की तिची बोटं आपोआप चालली. या माणसानं सांगायचं आणि आपण करायचं, ही सवय बोटांत मुरलेली होती. नवीन होती तेव्हा तिनं एकदा लॅबच्या सगळ्या मेल उडवल्या होत्या आणि भाऊजी मोठ्या डॉक्टरांपुढे "हुकूम माझा होता" म्हणून उभे राहिले होते. अशा माणसाला 'तुम्ही खरंच बघितलंत का?' म्हणून कसं विचारायचं? तिनं थोरल्याचं नाव लिहिलं आणि सेटअप सुरू केलं.

तेवढ्यात लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "मेलबाई, बाहेरगावच्या तज्ज्ञांकडे गाठीचा एक तुकडा तपासायला पाठवलाय. त्यांचा रिपोर्ट आज मेलनं येणार. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन त्याच बाईचं आहे. किती कापायचं ते रिपोर्टवर ठरणार. मेल बंद नाही ना पडणार?"

"जुना सर्व्हर चालूच आहे, मॅडम. नवा बसेपर्यंत मेल त्याच्यावरच येईल. काळजी करू नका."

काळजी करू नका म्हणणाऱ्याला ती दुप्पट करावी लागते. सेटअपच्या पायऱ्या एकेक पुढं सरकत होत्या आणि ती पापणी न लववता पडद्याकडे बघत होती. अर्ध्याच्या जरा पुढं गेल्यावर सगळं थांबलं. पडद्यावर लाल ओळ आली. तिचा अर्थ साधा होता: मला हवेत ते रकाने इथं नाहीतच.

"नाहीत कसे? काल तर मी..." ती स्वतःशीच पुटपुटली.

आता मात्र तिनं कुणाला न विचारता तपासलं. मधला आणि धाकटा एकमेकांशी बोलत होते. थोरला कुणाशीच बोलत नव्हता. घेणं नाही, देणं नाही. आणि हे कालपरवाचं नव्हतं; कितीतरी दिवस तो असा तोंड मिटून बसला होता. त्याच्याकडचे पासवर्ड शिळे, ज्यांना नोकरीवरून काढलं ते त्याच्या लेखी अजून कामावर. बाहेरून बघाल तर दिवे हिरवे, पंखा शांत. विचारलं की पटकन उत्तर देणारा. फक्त ते उत्तर जुनं.

भाऊजी काल बघितलं म्हणाले होते. मग हे त्यांना दिसलं कसं नाही? की बघितलंच नाही आणि तसंच ठोकून दिलं? भाऊजी खोटं बोलले असतील, हा विचारच तिला झेपेना. आणि खोटं बोलले नसतील तर काय, हा विचार त्याहून वाईट होता. तो तिनं दाराशीच अडवला.

संकट कधी एकटं येत नाही म्हणतात. जुन्या मेल सर्व्हरची डिस्क एकदा कटकटली, दोनदा कटकटली आणि गप्प झाली. तारवाल्यानं बंद करून पुन्हा चालू केला. नुसता काळा पडदा.

"गेला," तारवाला म्हणाला.

आता जुना मेलेला, नवा अर्धवट. हॉस्पिटलात मेल नावाची गोष्टच उरली नाही. फोन वाजला. लॅबच्या डॉक्टरीणबाई. तिनं तो वाजू दिला. उचलून सांगणार काय? बाहेरून येणारी मेल दार बंद दिसलं तर काही वेळ पुन्हा पुन्हा ठोठावत राहते, लगेच परत जात नाही, हे तिला ठाऊक होतं. पण दार आज उघडेल की नाही, हे कुठं ठाऊक होतं?

"भाऊजी, थोरला बाकीच्यांशी बोलत नाहीये. सेटअप मधल्याकडे वळवावं लागेल."

"थोरला बोलत नाही? शक्य नाही." भाऊजी खुर्चीवरून उठले. "आणि मधल्याला हात लावायचा नाही, सांगितलं ना एकदा! तो काढायचाय. काढायच्या मशीनवर कुणी मेल बसवतं का? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

इतक्या वर्षांत ते तिच्यावर असे खेकसले नव्हते. तारवाला केबलच्या गुंडाळीत एकदम फार रस असल्यासारखा खाली बघू लागला. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर याच्यासमोर हे नको.

"तुम्ही जरा जुन्या इमारतीत जाऊन धाकट्याची वायर बघून याल?" ती तारवाल्याला म्हणाली.

"धाकटा तर व्यवस्थित..." तो म्हणायला गेला, मग त्याला कळलं. "जातो. जाताना चहाही घेतो. निवांत येतो."

तो दारातून बाहेर पडतो तोच थोरल्या जाऊबाई डबा घेऊन आत आल्या. रविवारचा डबा त्या कधीच आणत नसत. मेलबाईचा चेहरा बघून त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि भाऊजींना म्हणाल्या, "हात धुऊन या बघू आधी. आणि तो स्वेटर उलटा आहे, सरळ करून या." भाऊजी स्वेटरकडे बघत बाहेर गेले.

"काय झालं?" जाऊबाईंनी हळूच विचारलं.

"ताई, थोरल्याचं काहीतरी झालंय. भाऊजी म्हणतात ठणठणीत आहे."

जाऊबाई डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण मागं एकदा उशिरा घरी आले. खूश होते. म्हणाले, थोरला मेला होता, जुनी प्रत टाकून उठवला, कुणाला पत्ता लागू दिला नाही. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, बरा आहे का तुमचा थोरला? तर म्हणाले, त्याला काय झालंय?" त्यांनी झाकण उगाच पुन्हा दाबून बसवलं. "मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले सुद्धा."

मेलबाईला एका झटक्यात दोन्ही गोष्टी कळल्या. जुनी प्रत टाकून उठवलेला कंट्रोलर स्वतःला ताजा समजतो, पण बाकीचे त्याला वाळीत टाकतात. थोरल्याचं तेच झालं होतं. आणि दुसरी गोष्ट, जी तिनं दाराशी अडवून धरली होती, ती आता आत येऊन समोरच बसली.

"कधीपासून, ताई?"

"नक्की कसं सांगू? आधी वाटलं वय आहे. गाडी नेहमीच्या वळणावर वळवायची विसरले. भाचीच्या लग्नाचं आमंत्रण मला तीनदा सांगितलं. मी सगळं सांभाळून घेत होते गं. त्यांच्या आधी मीच उत्तर द्यायची, म्हणजे कुणाच्या लक्षात यायला नको. नोकरीचे थोडेच महिने राहिलेत, तेवढे पार पडू देत म्हटलं. कुणाला सांगू? तुझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो घर डोक्यावर घेईल." त्यांनी तिचा हात धरला. "आज डबा घेऊन आले ती बघायलाच. सकाळपासून जिवाला चैन नव्हतं."

दारात भाऊजी उभे होते. स्वेटर सरळ केलेला, हात ओले. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे, पण त्यांच्या चेहऱ्यावरून राग उतरला होता.

"मी थोरला उठवला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हो."

"जुनी प्रत टाकून?"

"तुम्हीच सांगितलंत मला."

ते येऊन खुर्चीवर बसले, अगदी कडेला, दुसऱ्याच्या घरी बसावं तसे. त्यांनी पडद्यावरची लाल ओळ नीट वाचली. फोन पुन्हा वाजला आणि थांबला.

"धाकटे, मला आठवत नाही," ते म्हणाले. "एखादी गोष्ट विसरली तर मागं काहीतरी खूण राहते. इथं खूणसुद्धा नाही. आणि मधल्याचं... मधला बदलला का आपण?"

"बदलला, भाऊजी. तुम्हीच बसवलात."

त्यांनी मान हलवली. तिला रडू येत होतं, पण रडायला सवड नव्हती. ती म्हणाली, "भाऊजी, मी सेटअप मधल्याकडे वळवते. माझ्या जबाबदारीवर. चुकलं तर मोठ्या डॉक्टरांना मी उत्तर देईन."

"लिही," ते म्हणाले.

तिनं हुकूम लिहिला, शेवटी मधल्याचं पूर्ण नाव घातलं. अर्ध्यावर थांबलेलं सेटअप पुन्हा चालवता येतं, हे तिला माहीत होतं. तरी शेवटची कळ दाबायला बोट उचलेना. इथंही काहीतरी सुटलं असेल तर? सकाळी तपासायचं टाळलं, त्याचं फळ समोर होतंच.

"थांब," भाऊजी एकदम म्हणाले.

आता पुन्हा थोरल्याचं नाव काढतात की काय?

"हे नाव सेटअपपुरतं आहे. सेटअप संपलं की मेल सर्व्हर पुन्हा आपल्या मनानं कंट्रोलर शोधायला लागेल. थोरला शेजारीच आहे, पहिला 'ओ' तोच देणार. मग चालू झालेली मेल पुन्हा झोपेल. आधी थोरल्याची वायर काढ. पूर्ण वेगळा कर त्याला. मग दाब."

अगदी बरोबर होतं ते. घाईघाईत तिच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ज्या माणसाला स्वतःचं परवाचं काम आठवत नव्हतं, त्याला दोन पावलं पुढचा खड्डा लख्ख दिसत होता. आता यांच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि कुठल्यावर नाही? यापुढं हे रोजच पारखावं लागणार का?

तिनं उठून थोरल्याची वायर काढली. भाऊजींनी नजर वळवली नाही.

मग ती कळ दाबून बसली. तिघंही बसले. जाऊबाईंनी डबा उघडला, पण कुणी घासाला हात लावला नाही. पायऱ्या सरकत होत्या. जिथं सकाळी लाल ओळ आली होती ती पायरी आली, तेव्हा जाऊबाईंनी, काही कळत नसतानाही, डोळे मिटून घेतले. पायरी ओलांडली गेली. पुढची आली. तारवाला परत आला, दारातच वातावरण बघून बूट काढून पाय न वाजवता आत आला, आणि भिंतीला टेकून तोही पडद्याकडे बघत उभा राहिला.

उन्हं कलताना सेटअप पूर्ण झालं. आणखी बरीच जुळवाजुळव होती. तिचे हात ती करत होते आणि कान फोनकडे होते. शेवटी मेलचं बाहेरचं दार उघडलं. अडकून राहिलेल्या मेल भडाभडा आत येऊ लागल्या. जाहिराती, सभांची आमंत्रणं, कुणाच्या तरी रजेचा अर्ज. आणि लॅबचा फोन.

"आला, मेलबाई, रिपोर्ट आला! कधीची फोन करतेय मी. माझा जीव टांगणीला लागला होता."

"माझाही," ती म्हणाली. रिपोर्टमध्ये काय होतं, त्या बाईचं किती कापावं लागलं, हे तिनं विचारलं नाही आणि तिला कधी कळलंही नाही.

सोमवारी सकाळी भाऊजी स्वतःच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. ती म्हणाली होती, मीही येते. त्यांनी हातानंच नको म्हटलं. आत काय बोलणं झालं ते कुणाला समजलं नाही; बाहेर आले तेव्हा सर्व्हर रूमच्या किल्ल्या त्यांच्याकडे नव्हत्या. विभाग तिच्याकडे आला. तारवाल्यानं पेढे मागितले. तिनं त्याच्याकडे असं काही बघितलं की तो पुन्हा त्या विषयाकडे फिरकला नाही. नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलंच, "मला आधी का नाही सांगितलं" म्हणून, आणि मग रात्रभर भावाच्या खोलीच्या दारापाशी फेऱ्या घातल्या.

त्याच आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, त्याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर. जाऊबाईंना आत जायचं धैर्य होईना. "मी आत आले तर मध्येच उत्तर देईन," त्या म्हणाल्या. "तूच जा."

डॉक्टर तरुण होते, हसरे होते. त्यांनी सुरुवातीला तीन शब्द सांगितले: किल्ली, पिवळा, नदी. "हे लक्षात ठेवा, नंतर विचारीन." मग वार, महिना, शंभरातून सात वजा करत मागं जाणं, घड्याळाचं चित्र. भाऊजींनी सगळं फटाफट केलं. वजाबाकी तर डॉक्टरांच्या आधी. तिला वाटलं, काही नाही, उगाच घाबरलो आपण. घरी जाऊन ताईंना सांगू.

"आता ते तीन शब्द?" डॉक्टरांनी विचारलं.

भाऊजी हसले. "किल्ली," ते म्हणाले. मग थांबले. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागं कुणी नव्हतं. त्यांनी छताकडे बघितलं, हाताच्या बोटांकडे बघितलं आणि मग तिच्याकडे बघितलं.

तिच्या ओठांवर दोन्ही शब्द होते. तिनं मांडीवर हात घट्ट आवळून धरले आणि जमिनीकडे बघत राहिली.

"सावकाश," डॉक्टर म्हणाले.

भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. बाहेरच्या बाकावर जाऊबाईंची चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज येत होता.

"पाणी," भाऊजी शेवटी म्हणाले. "पाण्याचं काहीतरी होतं. हो ना गं, धाकटे?"